शेपटीची तुकडी

कोपरीच्या बाजारात मासळी विकणाऱ्या जनीचा हात जिभेच्याही आधी सुटायचा. गिऱ्हाइकाशी गोड, पोरांशी मात्र कडक.

एक्क्याऐंशी साली तिच्याकडे पाहुणे जेवायला होते. दोन्ही मुलांना तिने सुरमईची सारखी तुकडी वाढली. थोरल्या परशुरामने आपली मोडून ताटभर पसरली. ते पाहून पाच वर्षांच्या कान्हाने भोकाड पसरलं, "दादाला जास्ती दिलास!"

जनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पाहुण्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली. "हावऱ्या मेल्या!"

सगळे हसले. तेव्हापासून कान्हा आळीभर 'हावऱ्या' झाला. नाव ठेवायला आमच्या आळीला कारण पुरतं, खात्री लागत नाही.

पुढे कान्हा मानपाड्याला कंपनीत लागला. जेवताना कायम शेपटीची बारकी, काटेरी तुकडी घ्यायचा, दुसऱ्यांदा कधी मागायचा नाही. जनी बाजारात फुशारकीने सांगायची, "येकच वाजवली, जन्माचा सुधारला!"

सत्त्याण्णव साली शेजारची सुमेधा कॉलेजात मानसशास्त्र शिकू लागली आणि दिसेल त्या पोराला प्रश्न विचारत सुटली. एका रविवारी सकाळी तिने परशुरामच्या चार वर्षांच्या लेकीला, तुळसाला, धरलं. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी. मग एकातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतलं. "आता जास्त कुठल्यात?"

"उंच पेल्यात!"

"येडी गं माजी नात," जनी हसली.

"वेडी नाही, मावशी. या वयात उंच दिसेल, पसरलेलं दिसेल तेच जास्त वाटतं. मोठी झाली की कळेल."

जनीचं हसू थांबलं. "आन् मासळीची तुकडी मोडून ताटभर केली तर?"

"तरी तेच. जास्तच वाटणार."

"म्हंजे पोर हावरा नसतो?"

"छे! हावरा कसला? त्याला खरंच तसं दिसतं."

जनीला पाहुण्यांचं ते जेवण आठवलं. लेकराने दिसलं ते सांगितलं, आणि आपण मारलं. वर इतकी वर्षं त्याचीच बढाई मारली. तिला स्वतःची लाज वाटली.

दुपारी तिने कान्हाच्या ताटात मधल्या दोन जाड तुकड्या वाढल्या. "तू हावरा नव्हतास रं. पाव्हन्यांसमोर मारलं तुला, माजीच चूक झाली."

"कवा? मना नाय आठवत, आये," कान्हा हसून म्हणाला. खरंच आठवत नव्हतं त्याला. जनीला जरा हायसं वाटलं.

कान्हा कंपनीतलं काहीतरी सांगू लागला. बोलता बोलता त्याने एक तुकडी परशुरामच्या ताटात सरकवली, दुसरी तुळसाच्या, आणि न बघताच हात लांबवून टोपातली शेपटी उचलली.