मागच्या दाराचं रबर

आत्या गुडघ्यांवर बसून दाराच्या चौकटीतलं जुनं रबर उपटत होती. शिवण उसवायची तिची छोटी आकडी आहे ना, तीच खाचेत घालून. रबर कसलं, नुसता चुरा झाला होता. तुकड्या-तुकड्यांनी निघत होतं आणि प्रत्येक तुकड्याला आत्या म्हणत होती, "नीघ मेल्या."

मागे पलंगावरून चमचा वाजला. टण् टण्.

"आता काय झालं?" आत्या न वळता म्हणाली.

टण्.

"अहो, काचेला नाही लागत आकडी. उसवताना कधी कुणाचं कापड फाडलंय का मी?"

टण् टण् टण्.

"एकदा फाडलं होतं. ते पण तुम्ही दिवा बंद केलात म्हणून."

चमचा वाजवणारे माझे आतोबा. आयुष्यभर सरकत्या दारांचं काम केलं त्यांनी. काचेचे पल्ले, त्यांची चाकं, रबर, सगळं. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला आणि बोलणंही जवळजवळ गेलंच. शब्द तोंडापर्यंत येतात आणि तिथेच बसून राहतात. मग आत्याने त्यांच्या डाव्या हातात एक स्टीलचा चमचा दिला आणि पलंगाचा लोखंडी दांडा दाखवला. तेव्हापासून घरात शांतता नाही. भाजी खारट झाली, टण्. माझे बूट दारात आडवे पडलेत, टण् टण्. चूक दिसली आणि चमचा वाजला नाही असं होतच नाही.

आत्या शिलाईचं काम करते. नवीन कपडे कमी, दुरुस्ती जास्त. पँटची चेन बदल, कंबर सैल कर, इलॅस्टिक गेलंय ते घाल. पुढच्या खोलीत मशीन, मध्ये स्वयंपाकघर आणि मागे ही मोठी खोली, जिला फरशी घातलेल्या अंगणाकडे उघडणारं दोन पल्ल्यांचं काचेचं दार आहे. पलंग आणि चाकाची खुर्ची दोन्ही मावतील अशी घरात हीच खोली. म्हणून आतोबा इथे. आणि गंमत बघा, अख्ख्या गल्लीची दारं ज्या माणसाने नीट केली, त्याच्या घरचं दार गल्लीत सगळ्यात भिकार. "बघतो, बघतो" म्हणत वर्षं गेली. आता बघायला वेळच वेळ आहे, हात नाहीत.

मी या घरची कोण, तर भाची. मी नववीत शाळा सोडली तेव्हा आमच्याकडे सगळे माझ्या नावाने ओरडत होते. आत्याने एवढंच विचारलं, "मग दुपारचं जेवायला इथे येशील ना?" मी आले. अजून येते. स्कूटरवरून लोकांची पार्सलं पोचवते आणि मध्ये तासभर इथे टेकते. त्यामुळे आत्याला कुणी काही बोललं की माझं डोकं फिरतं.

आणि बोलणारा आला होता. आतोबांचा धाकटा भाऊ. त्यांना मी इस्त्रीकाका म्हणते, कारण माणूस झोपेतून उठला तरी चुरगळलेला नसतो. टक्कल आहे, पण कानाजवळची एक लांब बट आडवी घालून वर चिकटवलेली असते. थंडी सुरू झाली होती, आतोबांना खोकला लागला होता आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की छातीत गारठा बसू देऊ नका, या वेळी दवाखान्यावर भागणार नाही. इस्त्रीकाका दारासमोरच्या खुर्चीत बसले, आणि दार बंद असताना त्यांची ती बट हळूच उभी राहिली. झेंड्यासारखी.

मला हसू आवरेना. आत्याने मला डोळ्यांनीच दाबलं.

"वहिनी, वारा येतोय इथे," काका बट खाली दाबत म्हणाले.

"वारा काय, सगळीकडेच येतो भाऊजी."

"माझ्याकडे नाही येत. बंद फ्लॅट आहे. दादाला मी घेऊन जातो. रविवारी गाडी घेऊन येतो."

आत्या चहा गाळत होती, ती थांबली. काकांचं गाव म्हणजे दिवसभराचा प्रवास. तिचं मशीन इथे, गिऱ्हाईक इथे, घर त्यावर चालतं. ती जाऊन राहू शकत नव्हती. आतोबा एकदा गेले की राहिला तो फोन. आता ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी फोनवर काय करायचं? चमचा ऐकायचा?

"आणि तोपर्यंत दार नीट झालं तर?" आत्याने विचारलं.

"मिस्त्री तर म्हणाला ना, अख्खं दार बदलावं लागेल, महिना जाईल?"

"मिस्त्री नाही. मी करणार."

"वहिनी, ही पँटची चेन नाही."

"तेच म्हणते. चेन जास्त अवघड असते."

फाटकापाशी मी काकांना गाठलं. म्हटलं, "भावाला सामान समजता का? आलात आणि उचललंत?" काकांनी चष्मा पुसला, गाडीत बसले आणि गेले.  मला अजून राग आला.

तर असं ते रबर उपटणं चाललं होतं. जुन्या रबराचा एक धड तुकडा आत्याने जपून ठेवला आणि दुकानात घेऊन गेली, मॅचिंग बटण शोधतात तसं. दुकानदार विचारतोय, "दार कुठल्या कंपनीचं? मॉडेल काय?" आत्याने तुकडा त्याच्यासमोर उभा धरला. "याची जाडी बघा आणि ही मागची शेपटी बघा. ही खाचेत बसली पाहिजे. कंपनी तुम्हीच ठेवा." रबराचं वेटोळं घेतलं आणि पल्ल्यांच्या कडेला लागते ती केसाळ पट्टी घेतली. दोन्ही लागेल त्याहून जास्त. कापड पण ती असंच घेते. म्हणते, अंग वाढतं.

सरकता पल्ला आम्ही दोघींनी वर उचलून रुळातून बाहेर काढला. जड होता मेला. माझी बोटं सापडता सापडता वाचली. खाली रुळात वर्षांची माती, केस, मेलेल्या मुंग्या, एक बटण. आत्याने बटण उचलून खिशात टाकलं. मग रूळ पुसताना तिला बाहेरच्या बाजूला दोन चपटी भोकं दिसली.

"हे बघ! इथून येतो वारा!" आणि तिने चिंधी कोंबायला घेतली.

टणटणटणटण! पलंग हलला इतका चमचा वाजला. आतोबांचा चेहरा लाल. "पा... पाणी," ते म्हणाले.

"पाणी हवंय?" मी उठले.

टण्! नाही. त्यांनी चमच्याने भोकाकडे दाखवलं, मग बाहेर.

"पावसाचं पाणी जायची भोकं आहेत ती," आत्याला कळलं. "बुजवली तर पाणी घरात. बरं बाई, नाही बुजवत. चमचा ठेवा आता, दांड्याचा रंग उडाला."

केसाळ पट्टी सोपी गेली. पल्ल्याच्या कडेला खाच असते, तिच्यात वरून सरकवत न्यायची. नाडी ओवल्यासारखी. आत्याने सेफ्टी पिन लावून खरंच नाडीसारखी ओवली. मग चौकटीचं रबर. वरच्या कोपऱ्यातून तिने शेपटी खाचेत दाबली, एका हाताने रबर ताणून धरलं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबत खाली आली. ताण, दाब, ताण, दाब. इतकी वर्षं इलॅस्टिक लावलेला हात. इलॅस्टिक ताणूनच शिवतात, नाहीतर कंबर खाली येते. रबर कसं गुळगुळीत, सरळ, एक सुरकुती नाही. खालच्या कोपऱ्यात तिने कात्रीने कच्चकन कापलं.

मी आतोबांकडे बघितलं. डोळे उघडे होते. चमचा छातीवर, हातात. वाजला नाही.

"बघ," आत्या म्हणाली, "गप्प बसले. म्हणजे जमलं."

पल्ला परत बसवला, दार लावलं. आत्याने रिळाचा एक बारीक दोरा तोडून कोपऱ्यापाशी धरला. हलला नाही. चारी कोपरे तसेच. आत्याने स्वतःचीच पाठ थोपटली, म्हणजे हात पोचला तिथपर्यंत.

शनिवारी मी सकाळचीच आले तर खोलीत गारठा. आत्या दारापाशी उभी होती, हातात दोरा, आणि दोरा नुसता नाचत होता. वरच्या आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांत रबर मागे सरकलं होतं. बोटभर जागा उघडी. ताणलेलं रबर रात्रीत आकसून बसलं होतं आपल्या जागी.

"आखूड झालं," आत्या म्हणाली. आवाज असा, जणू गिऱ्हाइकाचा कपडा बिघडलाय. आतोबा रात्रभर खोकले होते. व्यायामवाली ताई, म्हणजे त्यांचे हातपाय हलवून द्यायला येते ती, त्यांना उठवून बसवत होती.  उद्या रविवार.

मी म्हटलं, "त्या मिस्त्रीला पकडून आणते. येत नाही म्हणाला तर स्कूटरला बांधून."

"नको. जोड देते." आत्याने उरलेल्या वेटोळ्यातून बोटभर दोन तुकडे कापले. "ठिगळ लावते कोपऱ्यात. चिकटवून टाकते. दिसायला वाईट दिसेल, पण वारा थांबेल." ती खाली बसली. तिचा अंगठा आदल्या दिवशीच सोलवटला होता, त्याला तिने कापडाची पट्टी बांधली होती. त्याच अंगठ्याने ती तो तुकडा कोपऱ्यात बसवायला लागली. बसत नव्हता. पडायचा, ती उचलायची. पडायचा, उचलायची.

टण्.

आम्ही तिघींनी वळून बघितलं.

टण् टण्. आतोबांनी चमचा अंथरुणावर टाकला आणि डावा हात पुढे केला. तोंड वेडंवाकडं झालं, गळ्याच्या शिरा फुगल्या, आणि शब्द आला.

"ओढू... नको."

"काय?"

"ओढू नको. ढ... ढकल."

त्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी चादरीची कड धरली आणि ती ओढण्याऐवजी आत ढकलून दाखवली, चादर जराशी गोळा झाली. आत्या बघत राहिली.

"म्हणजे चुण्या घालायच्या?" ती म्हणाली. "आधी दोन्ही टोकं बसवायची आणि मधलं जास्तीचं आत ढकलायचं? सैल?"

टण्. चमचा नव्हता, तरी त्यांनी तोंडाने केलं. "टण्."

"मग काल का नाही बोललात? काल डोळे काय भाड्याने दिले होते?"

आतोबांनी खिडकी असल्यासारखं बाजूला बघितलं. त्या खोलीत खिडकी नाही, भिंत आहे.

पुरेसं रबर उरलं होतं, अंग वाढतं म्हणून घेतलेलं. आत्याने कालचं सगळं उसवलं. नवीन तुकडा जरा लांबच कापला, टोकं कोपऱ्यांत बसवली आणि मधला फुगवटा थोडा-थोडा करून खाचेत जिरवला. बाही बसवताना जिरवतात तसा. चमचा दर वितीला वाजत होता आणि आत्या दर वितीला उत्तर देत होती. जेवण झालं, चहा झाला, गिऱ्हाईक आलं आणि हात हलवत गेलं. संध्याकाळी दार लागलं तेव्हा असा आवाज आला, जड पुस्तक मिटल्यासारखा.

रविवारी सकाळी दोरा हलला नाही. इस्त्रीकाका आले, रिकामी बॅग घेऊन आले, त्याच खुर्चीत बसले. बाहेर वारा घोंघावत होता, अंगणातली बादली गडगडत इकडून तिकडे. मी काकांच्या बटेवर डोळे लावून बसले होते. बट चिकटून होती. काकांनी चहा प्यायला, दाराच्या कोपऱ्यात उलटा हात धरून बघितला, मग भावाकडे बघितलं. "दादा?"

आतोबांनी चमच्याने आत्याकडे दाखवलं आणि दांड्यावर एकदाच वाजवला.

"बरं," काका म्हणाले. बॅग रिकामीच परत गेली. आत्या मशीनवर जाऊन बसली, कारण दोन दिवसांची कामं तुंबली होती.

आतोबा अजून इथेच आहेत, त्याच दारासमोर. खोकला गेला. आत्याकडे आता लोक दारं दाखवायला येतात, ती म्हणते आधी पँट द्या.

त्या थंडीनंतर बऱ्याच दिवसांनी मी व्यायामवाल्या ताईला स्कूटरवरून घरी सोडत होते. इस्त्रीकाकांचा विषय निघाला आणि मी त्यांना चार शिव्या घातल्या. ताई मागून म्हणाली, "अगं, त्यांना कशाला बोलतेस? ते आपणहून नव्हते आले. ते यायच्या आधी, आत्या बाजारात गेली होती तेव्हा, तुझ्या आतोबांनी मला फोनमधला भावाचा नंबर दाखवला. मीच लावून दिला. किती वेळ लागला त्यांना बोलायला, पण बोलले. 'मला ने. ती थकली.' आणि भावाकडून वचन घेतलं, वहिनीला सांगायचं नाही."

म्हणजे तो फोन आतोबांचा होता. आत्याने पहिल्यांदा रबर ओढलं आणि चमचा वाजला नाही, त्याच्या आधीचा.