नेट नव्हतं

शिंप्याने सांगितलेला वार आणि कपडा हातात पडण्याचा वार यांची सहसा गाठ पडत नाही. मास्तरांचं तसं नव्हतं. गुरुवार म्हणाले की गुरुवारी कोट तयार, नाहीतर ते आधीच हात जोडून मोकळे व्हायचे, "मला जमणार नाही, दुसरीकडे टाका." शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नाही, पण कापड बेतणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात म्हणून ते मास्तर. मास्तरांना खोटं बोलता येत नाही, हे त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी कुणीही छातीठोकपणे सांगेल. अशा माणसाच्या तोंडी गेल्या वर्षभरात एकच वाक्य वरचेवर आलं: तिथे नेट नव्हतं. लोकांनी ते ऐकलं, च् च् केलं आणि मान्य केलं.

ज्यांनी पूर्वी दुकान पाहिलंय, त्यांच्या डोळ्यांपुढे दोन माणसं येतात. पुढे टेबलाशी कात्री घेऊन मास्तर आणि मागे खिडकीशी काजं-बटणं करणारी त्यांची ताई. चार वर्षांनी थोरली. ताईला जन्मापासून ऐकू येत नाही आणि म्हणून बोलताही येत नाही. त्या काळी घराजवळ तिला शिकवणारं कुणी नव्हतं, तेव्हा घरातल्यांनी आपली एक हातांची भाषा केली. पुस्तकातली नव्हे, गरजेपोटी झालेली. कानाची पाळी चिमटीत धरली की आई. मूठ मिटून उघडली की दुखतंय. हनुवटीवर बोट ठेवलं की मास्तर, कारण पाचव्या वर्षी दुकानाच्या पायरीवरून पडून त्यांनी हनुवटी फोडून घेतली होती आणि तो व्रण तसाच राहिला. पुढे वडील गेले, आई गेली आणि ती भाषा धड बोलणारी जगात दोनच माणसं उरली. मास्तरांच्या बायकोला संसारापुरत्या खुणा येत, लेकीला भांडणापुरत्या.

ताईचं म्हणणं जगाला सांगायचं आणि जगाचं ताईला, हे काम मास्तर सातव्या वर्षापासून करत आले. त्यात त्यांचा एक नियम होता. पदरचं काही घालायचं नाही आणि खटकलं म्हणून काही गाळायचं नाही. एकदा एका बाईंनी भर दुकानात तक्रार केली की झगा घट्ट शिवलाय. मास्तरांनी ती ताईला खुणेने सांगितली, तशी ताईने मान वर करून दोन-तीन खुणा केल्या. बाईंनी विचारलं, "काय म्हणतायत त्या?" मास्तर क्षणभर चुळबुळले आणि म्हणाले, "ती म्हणतेय, झगा माप घेतलं तेवढाच आहे, तुम्ही नाही." बाई पुन्हा त्या पायरीवर चढल्या नाहीत. ताई मात्र प्रत्येक वेळी करायची तेच तिने तेव्हाही केलं. तळहात पसरून हवेतून एकदा फिरवला. म्हणजे, सगळं सांगितलंस? मास्तरांनी मान हलवली, सगळं. तेव्हा कुठे ती पुन्हा काजाकडे वळली.

चेहरा दिसणारे फोन आले तेव्हा या दोघांचं मोठंच काम झालं. ताई एकटी बाजारात जाऊ लागली. औषधाच्या दुकानात अडलं की व्हिडिओ कॉल लावायची, मास्तरांना खुणेने सांगायची आणि फोन सरळ दुकानदाराच्या तोंडासमोर धरायची. मास्तर हातातली कात्री ठेवून बोलायचे. नेट या गोष्टीसाठी ताईने स्वतः खूण बनवली. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफली की नेट आहे, झटक्याने सुटी केली की नाही. नव्या खुणेचा तिला इतका अभिमान वाटला की दोन दिवस ती येणाऱ्याजाणाऱ्याला बोटं गुंफून दाखवत होती.

फोनमुळे ताई मोकळी झाली, तसे मास्तर अडकले. जेवताना कॉल, गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावलेली असताना कॉल, न्हाणीघरातून ओल्या अंगाने बाहेर येऊन कॉल. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. पण माणूस दमतो. आणि ज्याला सगळे चांगला म्हणतात, त्याला दमलो म्हणून सांगण्याचीही चोरी.

मास्तरांच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी लेकीने दोघा नवराबायकोला परदेशात तीन आठवड्यांसाठी बोलावलं. निघण्याआधी मास्तर फोनवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मास्तर, तिकडे नुसतं बोलण्यापुरतं चालू करू, की नेटही हवंय? बाहेर फिरताना लागतं."

"लेकीच्या घरी वायफाय आहे," मास्तर म्हणाले. "बाहेर असताना कुणाचा फोन आला तर घेता आला म्हणजे झालं."

दुकानाबाहेर दहा पावलं गेल्यावर त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नुसत्या बोलण्याचा ताईला काय उपयोग? मागे वळून फोनवाल्याला सांगायचं, एवढंच काम होतं. मास्तर रस्त्याच्या कडेला थोडा वेळ थांबले आणि मग घराकडे चालू लागले. त्या वेळी आपल्याला हलकं वाटलं होतं, हे त्यांना आजही आठवतं.

पहिले दहा दिवस छान गेले. ताईची दुपार म्हणजे तिकडची संध्याकाळ. तिच्याकडच्या बरोबर बाराला तिचा कॉल यायचा. तिला लेकीच्या स्वयंपाकघरातला एकेक खण उघडून पाहायचा होता, नळ सोडून पाहायचा होता, जावयाच्या कोटाची काजं जवळून पाहायची होती. काजं यंत्राची होती. ताईने नाक मुरडलं. शेजारच्या वहिनी तिच्यावर लक्ष ठेवून होत्या, त्यांना तीनच खुणा येत: चहा, ये आणि झोप. बाकीचं मास्तर तिकडून सांभाळत. एकदा तर दळणवाल्याची आणि तिची तक्रार त्यांनी लेकीच्या दिवाणखान्यात बसून मिटवली.

अकराव्या दिवशी जावयाने दोन दिवस एका मोठ्या तळ्यावर जायचं ठरवलं. आदल्या दिवशीच्या कॉलमध्ये मास्तरांनी ताईला सांगितलं, दोन दिवस मी नाही. तिने विचारलं, का? मास्तरांनी बोटं गुंफली आणि सुटी केली. तिथे नेट नाही. असं खरंच असेल की नाही, हे त्यांनी कुणालाही विचारलं नव्हतं. ताईने मान डोलावली आणि खुणेने म्हणाली, आल्यावर मला पाणी दाखव.

गाडीत बसल्यावर जावई म्हणाला, "बाबा, तुमच्या फोनला बाहेर नेट नाही ना? माझ्या फोनवरून देतो. हॉटस्पॉट चालू केला की झालं, मिनिटाचं काम आहे."

"राहू दे," मास्तर म्हणाले. "दोन दिवस जरा शांत बसतो."

"आत्यांचा कॉल आला तर?"

"तिला सांगून आलोय."

बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

तळं सुरेख होतं. दुपारी दीडच्या सुमाराला बाकीचे होडीतून चक्कर मारायला गेले आणि मास्तर काठावरच्या बाकावर एकटे बसले. दोन्ही हात कोटाच्या खिशात. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच आपल्या हातांना काही काम नाही, असं त्यांच्या मनात आलं. ते तासभर तसेच बसून होते, आणि सुखात होते. त्या सुखाची आठवण झाली की अजूनही ते जेवता जेवता थांबतात.

संध्याकाळी सहाला खिशातला फोन वाजला. साधा, बोलण्याचा फोन. पलीकडे वहिनी.

"मास्तर, घाबरू नका, ताईंना दवाखान्यात आणलंय. तोंड वाकडं झालं हो त्यांचं. सकाळपासून नुसते हातवारे करत होत्या, मला वाटलं तुमची आठवण येतेय. पाणी दिलं, झोपा म्हटलं. एवढ्याशासाठी तुम्हाला तिकडे कुठे फोन करायचा, असं वाटलं मला."

मास्तर जावयाकडे वळले आणि म्हणाले, "नेट दे."

मिनिटही लागलं नाही. फोन हातात थरथरू लागला. ताईचे सतरा कॉल, पहिला दुपारी दीडला, म्हणजे तिच्याकडे सकाळचे साडेनऊ. मग एक व्हिडिओ, त्रेचाळीस सेकंदांचा. कॉल लागेना म्हणून तिने तो करून पाठवला होता. फोन शिलाईयंत्राला टेकवून ठेवलेला, मागे खिडकी. ताई हनुवटीवर बोट ठेवते, पण डाव्या हाताचं. तिने मास्तरांना आयुष्यात डाव्या हाताने हाक मारलेली नव्हती. मग ती डाव्या हाताने उजवा हात उचलते आणि सोडते. तो मांडीवर पडतो. पुन्हा उचलते, पुन्हा सोडते. मग त्याच हाताची मूठ, पण ती मिटतच नाही. एखाद्या लहान मुलाने बोबडं बोलावं तसे तिचे हात बोबडे झाले होते. वहिनींना ते कळणं शक्य नव्हतं. कुणालाच शक्य नव्हतं. मास्तरांना पहिल्या दोन सेकंदांत कळलं असतं.

ते मिळेल त्या विमानाने परतले. दवाखान्यात डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पहिल्या तीन-चार तासांत आणलं असतं तर हात बहुतेक वाचला असता. तोंड पुढे बरंचसं सुधारलं, पाय सुधारला. उजवा हात गेला.

तुमचाआमचा हात गेला तर हात जातो. ताईचं काजं करणं गेलं आणि निम्मं बोलणंही गेलं. एका हाताच्या खुणा ती डाव्याने करू लागली, अडखळत. दोन हातांच्या खुणांचं काय करायचं? त्यावर तोडगा तिनेच काढला. ती मास्तरांचा उजवा हात ओढून घ्यायची आणि आपल्या डाव्यासमोर धरून त्याच्याकडून आपला शब्द पुरा करून घ्यायची. दुकान म्हणायचं तर तिचा एक तळवा आणि मास्तरांचा एक. मास्तर मग दिवसभर तिच्या उजव्या बाजूला बसू लागले. कात्री बरीचशी टेबलावरच पडून असते आणि गुरुवारचा कोट आता शनिवारी मिळतो. गिऱ्हाइकं चालवून घेतात.

नेट नव्हतं हे मास्तरांनी पहिल्यांदा वहिनींना सांगितलं, दवाखान्याच्या जिन्यात. त्या बिचाऱ्या स्वतःलाच दोष देत रडत होत्या, तेव्हा तोंडून निघून गेलं. मग इस्त्रीवाल्याला, मग फोनवाल्याला. फोनवाला काहीतरी बोलणार होता, पण मास्तरांचा चेहरा पाहून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. बायकोने कधी विषय काढला नाही. जावईही फोनवर फक्त तब्येत विचारतो, हॉटस्पॉटचं अवाक्षर नाही. भला माणूस आहे. त्याने एकदा तरी तोडून बोलावं असं मास्तरांना फार वाटतं.

ताईला मात्र त्यांनी पुन्हा काही सांगितलंच नव्हतं. तिने विचारलं नाही. तळ्यावर जायच्या आदल्या दिवशी भावाने सांगितलंय ते खरं, एवढं तिच्यासाठी पुरे होतं.

परवा दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई होत्या. जुने कागद चाळता चाळता त्यांनी विचारलं, "सकाळी साडेनऊला त्रास सुरू झाला आणि दुपारी दोनला आणलं. एवढा वेळ का लागला? यांचं बोलणं समजणारं घरात कुणी नव्हतं?"

मास्तर त्या कागदांकडे पाहू लागले. ताईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कोपराने ढोसलं. काय विचारतायत? नियम तो नियम. मास्तरांनी खुणांनी सांगितलं, पदरचं न घालता, न गाळता.

ताई खुर्चीत ताठ झाली. तिने आधी मास्तरांच्या हनुवटीवर बोट ठेवलं, त्यांच्याच व्रणावर. मग जोराने मान हलवली. मग त्यांचा उजवा हात आपल्याकडे ओढला, त्यांच्या बोटांत आपली डाव्या हाताची बोटं गुंफली, घट्ट धरली, आणि झटक्याने सोडवली. ती डॉक्टरीणबाईंकडे रोखून पाहत होती, जणू कुणी तिच्या भावावर आळ घेतला होता. मग फोन धरल्यासारखा कानाशी हात, मग हनुवटी, मग छातीवर थाप.

"काय म्हणतायत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांचा हात अजून हवेत तसाच होता, बोटं फाकलेली.

"ती म्हणतेय, माझ्या भावाचा काही दोष नाही. तिथे नेट नव्हतं. असतं तर त्याने माझा कॉल उचललाच असता, हे मी छातीवर हात ठेवून सांगते."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि कागदावर लिहून घेतलं.

ताईने डावा तळहात पसरला आणि हवेतून एकदा फिरवला. सगळं सांगितलंस?

मास्तरांनी मान हलवली.