वाळवंटातला रेल्वेचा डबा

दोन हजारच्या दशकातला एक जुलै. आम्ही लंडनजवळ ब्रॅकनेलला राहायचो आणि माझे सासरे तीन महिन्यांसाठी आले होते. जन्मभर त्यांनी रेल्वेच्या वर्कशॉपात डब्यांचं सुतारकाम केलेलं. त्यामुळे लंडनमध्ये आम्ही जे जे अभिमानाने दाखवलं, त्याच्या त्यांनी फक्त चौकटी पाहिल्या. राणीच्या राजवाड्यावर त्यांचं मत एवढंच, "खिडक्या रंगवायला झाल्यात."

मग नवऱ्याने ऑफिसातल्या कुणाला तरी विचारून इंग्लंडचं एकमेव वाळवंट शोधून काढलं. केंटच्या टोकाला, समुद्रकाठी, रेल्वेवाल्यांची जुनी वस्ती. "बाबांना आवडेल," असं सांगून शनिवारी सकाळी तो लॅपटॉप उघडून बसला, कारण त्याच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. मी गाडी चालवायची असली की त्याचं रिलीज हटकून असायचं.

वाळवंटात पोचलो तेव्हा पाऊस पडत होता. बाबांनी छत्री उघडली.

"वाळवंट कुठंय?"

"हेच, बाबा."

"बरं," ते म्हणाले. पाहुणे म्हणून आलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

वाळू नव्हतीच. नजर पोचेल तिथवर गोटे, आणि पलीकडे अणुवीज केंद्र. फलकावर इतिहास लिहिला होता. हे गोटे वाहून न्यायला रेल्वे आली, पुढे ती बंद पडली. म्हणजे गोटे जागच्या जागी राहिले आणि रेल्वे गेली. नियोजन म्हणतात ते हेच असावं. मागे उरले ते मोडीत निघालेले डबे. रेल्वेतल्या कामगारांनी ते घेतले, गोट्यांवर ओढत आणले आणि त्यात संसार थाटले.

मी वाचत होते तोवर बाबा एका काळ्या घराला हात लावून उभे होते.

"बाबा, कुणाचं तरी घर आहे ते. इथे असा हात नाही लावत."

"घर कसलं, डबा आहे."

तेवढ्यात दार दोन धक्के खाऊन उघडलं आणि एक म्हातारी बाहेर आली. मी एका दमात तीनदा सॉरी म्हटलं. या देशात आल्यापासून माझी तेवढी प्रगती झाली होती. सासरे रेल्वेचे डबे बांधायचे, असंही सांगून टाकलं.

"मग त्यांना विचार, हे दार का अडकतं," ती म्हणाली. "नवरा गेल्यापासून असंच आहे."

बाबांना भाषांतर लागलं नाही. त्यांनी बिजागरीवर बोट ठेवलं, मग हवेतच रंधा मारून दाखवला. तिने नवऱ्याची हत्यारांची पेटी आणून दिली. पाऊण तास दोघं एकमेकांशी खाणाखुणांनी बोलत होते. मी, इंग्रजीत एमए, बाबांच्या डोक्यावर छत्री धरून उभी होते.

दार लागायला लागलं तशी तिने चहाला आत बोलावलं. सामानाच्या फळीवर बशा मांडल्या होत्या. डबा तिच्या सासऱ्यांनी घेतलेला. लग्न होऊन आली तेव्हा तिला इतकी लाज वाटली की आईला तिने पत्रात 'बंगला' असं लिहिलं. आता दर आठवड्याला लंडनची माणसं येऊन, विकणार का म्हणून विचारतात.

"मी त्यांना सांगते, गाडी सुटायची वेळ झाली," म्हातारी म्हणाली.

मी ते मराठीत सांगितल्यावर बाबा हसले. मग कप खाली ठेवून मला म्हणाले, "तिला सांग, आमच्याकडे लाकडी डबे मोडीत काढले तेव्हा ते फोडायला आम्हालाच लावलं होतं. सागवान होतं. मी बांधलेलेही होते त्यात."

मी सांगितलं. तिने बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

परतताना ते बोलत राहिले. कुठला डबा, कुठल्या जंगलाचं लाकूड, पहार कुणी आधी उचलली, आणि घरी जाऊन सासूबाईंना काहीच कसं सांगितलं नाही. माझं वळण चुकलं. अर्धा तास जास्त लागणार होता. मी ते त्यांना सांगितलं नाही.