कानाला लावायचा स्क्रूड्रायव्हर

मिलिंद गेल्याचा वैशालीवहिनींचा फोन आला, तेव्हा मी ऑकलंडच्या धक्क्यावर आमच्या सरकारी संशोधन बोटीतून उपकरणं उतरवत होतो. उत्तरेकडच्या बेटांजवळचा समुद्रतळ मोजून बोट नुकतीच परतली होती. आमचा खानसामा ग्रेग शेजारीच होता. "मिलिंद?" त्याने विचारलं. मी मान हलवली... त्याच्याकडे बघवलं नाही.

मिलिंद या बोटीचा इंजिनिअर होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून आतलं ऐकायचं, ही त्याची रोजची पूजा. "बाईसाहेबांना आज सर्दी झालीय," म्हणायचा. काही वर्षांपूर्वी समुद्रावरच्या अशाच एका फेरीत तो इंजिनाजवळ कोसळला. ग्रेगने साखरेचं पाणी पाजलं. डोळे उघडताच मिलिंद मला मराठीत म्हणाला, "सुहास, उपाशी होतो रे, बाकी काही नाही. कॅप्टनला बोललास तर बघ!" किनाऱ्याला लागल्यावर मी कॅप्टनला बोललो. तपासणीत हृदय अधू निघालं, समुद्र बंद झाला. तो रोटोटुनाला मुलीजवळ राहायला गेला. तिथे समुद्राचा वाससुद्धा येत नाही.

सांगितल्याचा पश्चात्ताप मला आजही नाही. पण नंतर भेटलो तेव्हा तो म्हणाला, "चुगली त्या ग्रेगचीच. पोटात काही राहतं का त्याच्या?" मी चहात बिस्किट बुडवत राहिलो... दर नाताळात ग्रेग स्वतः धुरी दिलेला मासा माझ्या हाती पाठवायचा. मिलिंद हात लावायचा नाही. "तूच ने, सुहास. तू आहेस म्हणून बरंय." मी तो मासा घरी न्यायचो. खायचोसुद्धा.

तो गेल्यावर भेटायला गेलो, तेव्हा वहिनींनी तो स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला. "तुम्ही ठेवा, भाऊजी. त्या ग्रेगचा मेसेज आला होता, मी उत्तरच नाही दिलं."

तेव्हा मात्र सगळं सांगितलं. माशासकट.

"हे शेवटपर्यंत त्या माणसाला बोल लावत होते... आणि तुम्ही ऐकत बसलात?"

"हो."

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला, स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. "मग हा ग्रेगला द्या. का देताय, ते तुम्हीच सांगा त्याला."

सांगितलं. "म्हणजे जाईपर्यंत त्याला वाटलं, सांगणारा मीच?" ग्रेगने एवढंच विचारलं.

स्क्रूड्रायव्हर आता बोटीच्या स्वयंपाकघरात, पळ्यांच्या ओळीत टांगलेला असतो. मूठ एका बाजूने गुळगुळीत झालेली, मिलिंदचा कान टेकायचा तिथे. बोट डुलली की तो पळ्यांवर वाजतो. बोटीवर पाय ठेवणाऱ्या कुणालाही ग्रेग आधी चहा विचारतो.

मला त्याने अजून विचारलेला नाही.