तिसऱ्यांदा मोजलेला पाय

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, बाबांनाही नाही — आणि बाबांना मी बारीकसारीक सगळं सांगते. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. ऐका फक्त.

जपानमधल्या त्या मोठ्या भूकंप-त्सुनामीला काही वर्षं झाली होती. योकोहामाला एका विद्यापीठात मी पोस्टडॉक होते, पीएच.डी.नंतरचं संशोधन करत. धावणाऱ्यांच्या स्नायूंवर काम. एका व्यावसायिक बेसबॉल संघाचे खेळाडू आमच्या लॅबमध्ये तपासणीला येत. त्यातला एक मियाशिता-सान. त्याची ख्याती बेस चोरण्याची — पिचर चेंडू टाकतोय तेवढ्यात सुसाट धावून पुढचा बेस, म्हणजे मैदानावरचा पुढचा टप्पा, गाठायचा. मोसमात सगळ्यात जास्त बेस चोरणाऱ्याला किताब मिळतो. बाबा फोनवर म्हणाले होते, "चोरीचं बक्षीस? आणि तू त्या चोराची डॉक्टर! याचसाठी शिकवलं होय तुला?"

त्या वर्षी संघ तळाला होता. हरण्याजिंकण्यात कुणाला रस उरला नव्हता, उरला होता तो हा एक किताब. मियाशिता-सान आणि दुसऱ्या संघातला एकजण बरोबरीत होते. अशा वेळी इथे अख्खा संघ एका माणसासाठी खेळतो. त्याची आई तिकडे उत्तरेला, त्सुनामीत घर गेल्यापासून सरकारने दिलेल्या तात्पुरत्या खोलीत राहत होती. किताब आईला नेऊन दाखवायचाय, एवढंच तो म्हणे.

आणि मला? — खरं सांगू? मलाही तो किताब हवा होता. त्याचा वेग वाढला तो माझ्या पद्धतीमुळे, असं पेपरात छापून आलं होतं, फोटोसकट. डोक्यात हवा गेली होती माझ्या, दुसरं काय.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी तो आला. मांडीच्या मागच्या स्नायूची ताकद यंत्रावर मोजायची. एक पाय दुसऱ्यापेक्षा फार कमी भरला तर संघाच्या ट्रेनरला कळवायचं, धावणं बंद — हा नियम मीच घातलेला. डावा पाय कमी भरला. चांगलाच कमी. पट्टा सैल असेल म्हणत मी पुन्हा मोजला. तेच. मग — कसं सांगू — मी त्याला पाय झटकायला लावले, जोर लाव, अजून लाव, म्हणून ओरडले, आणि तिसऱ्या वेळी आकडा मर्यादेच्या जेमतेम वर आला. तोच ठेवला. आधीचे दोन यंत्राचा दोष म्हणून पुसले. आमच्या कामात नको असलेल्या आकड्याला काहीतरी नाव देता येतं. पट्टा घट्ट होता. मीच आवळला होता.

उतरताना त्याने विचारलं, "सेन्सेई, दायजोबु?" डॉक्टर, ठीक आहे ना, धावू ना? आत काहीतरी जाणवत असल्याशिवाय माणूस असं विचारतो का?

मी म्हटलं, "दायजोबु."

संध्याकाळी तो पहिल्या बेसवरून निघाला आणि अर्ध्या वाटेत मांडी धरून कोसळला. समोरच्या खेळाडूने येऊन चेंडू अंगाला लावला, बाद केलं, तरी तो मातीतच. स्नायू हाडापासून सुटला होता. किताब दुसऱ्याला गेला. मोसम संपल्यावर संघाने मियाशिता-सानला सोडून दिलं, आणि तो पुन्हा कधी तसा धावला नाही.

ट्रेनर म्हणाला, नशीब. मी मान हलवली. लाज वाटली का? वाटली. तोंड उघडलं का? नाही.

गावी जायच्या आधी तो लॅबमध्ये आला. कुबडी भिंतीला टेकवून कमरेत वाकला, आणि आईने पाठवलेली सुकवलेल्या समुद्री शेवाळाची पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली. तुम्ही इतकी मेहनत घेतलीत, माझ्या पायाने तुमच्या कामाला बट्टा लावला, माफी मागायला आलोय, म्हणाला. बराच वेळ वाकलेलाच होता. समोरच्याने काही बोलेपर्यंत इथे माणूस सरळ होत नाही. एका पायावर सगळा भार होता, तो पाय थरथरत होता.

मी पिशवी घेतली. मनाला लावून घेऊ नका, म्हटलं. त्याला माफ केलं मी.