मामानं नाकारलेला टॉवेल

निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, मी ग्रीकांना लागलो. कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी संपली, तेव्हा रद्दीतलं एक फाटकं पुस्तक उचलून घरी आणलं होतं. त्यात एक अवलिया होता. पिंपात राहायचा. राजा भेटायला आला तर त्यालाच म्हणे बाजूला सरकायला सांगितलं, ऊन अडतंय म्हणून. एका पोराला ओंजळीनं पाणी पिताना बघून त्यानं स्वतःचा वाडगाही फेकून दिला. लोक त्याच्या पंथाला कुत्र्यांचा पंथ म्हणायचे. मला वाटलं, हा तर आपलाच माणूस.

"मीही पिंपात राहू शकतो," मी बायकोला म्हटलं.

"राहा की. पण आपलं पिंप मिळायचं नाही. नळाला पाणी तीन दिवसांनी येतं."

जळगावात तत्त्वज्ञानाची पहिल्याच दिवशी अशी वाट लागते. मग मी सोफा देऊन टाकला, घड्याळ देऊन टाकलं, सहा शर्टांचे दोन केले. मेहरूण तलावावर फिरायला येणाऱ्यांना इतकं पकवलं, की मला बघून लोक उलटी फेरी मारू लागले. साधेपणाचाही माज चढतो. पण हे मला सांगणार कोण, आणि मी ऐकणार तरी कुठे.

तशात धुळ्याला भाचीचं लग्न निघालं. अक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, आणि हे तिच्या लेकीचं लग्न. आमच्याकडे लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतात. टोपी कोणी घालत नाही, टॉवेल कोणी वापरत नाही, तोच गठ्ठा या मांडवातून त्या मांडवात फिरतो. माइकवरून मामाला बोलावलं. भाऊजी टॉवेल घेऊन पुढे आले, आणि मी हात जोडून म्हटलं, "मला कशाचीच गरज नाही." वर दोन मिनिटं त्या ग्रीकावर बोललो. माइक चालूच होता.

भाऊजींच्या हातात टॉवेल लोंबत राहिला. अक्का जवळ येऊन हळूच म्हणाली, "ली ले ना भाऊ, बठ्ठा लोके देखी ऱ्हायनात." सगळे बघत होते हे खरंच होतं, आणि मला ते आवडतही होतं. मी टॉवेल घेतला नाही.

लग्न पार पडलं आणि अक्कानं माझ्याशी बोलणं टाकलं. फोन केला की भाऊजी उचलायचे, ती कामात आहे म्हणायचे. महिना झाला, दोन झाले. पुस्तकात लिहिलं होतं, लोकांच्या रागालोभाची पर्वा करू नये. इकडे मला घास गिळवेना.

शेवटी एसटीनं धुळं गाठलं. घशाला कोरड पडली होती. अक्कानं दार उघडलं, खुर्ची दाखवली, पाणी काही विचारलं नाही. मी वाटेत जुळवलेलं भाषण सुरू केलं, गरजा कमी, मन मोकळं वगैरे. तिनं गवार निवडत सगळं ऐकून घेतलं.

"त्या पिंपवाल्याला," ती म्हणाली, "बहीण होती का रे?"

मी आठवून पाहिलं. पुस्तकात तसं काही नव्हतं.

"तरीच. मांडवात तू म्हणालास, कशाचीच गरज नाही. लोकांना वाटलं टॉवेलची नाही. मला वाटलं, माझी."

साठीच्या माणसाला शोभत नाही असा मी रडलो. मग म्हटलं, "अक्का, पाणी दे. आणि तो टॉवेलही दे."

तिनं तांब्याभर पाणी आणलं आणि कपाटातून टॉवेल काढला, टोपीसकट. टोपी तिनंच माझ्या डोक्यावर दाबून बसवली. लहान होती.

त्या टॉवेलनं आजवर थेंबभर पाणी टिपलेलं नाही. अंगावरून नुसता घसरतो. बायको विचारते, फरशी पुसायला घेऊ का? मी घेऊ देत नाही. रोज त्यानंच अंग पुसतो आणि ओल्या अंगानं शर्टात शिरतो.