मोबाईलवर न उघडणारं दुकान

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. मिठाईच्या दुकानात काटा शून्यावर आहे का ते मी वाकून बघतो, आणि तेवढ्यात माझी बायको दोन पावलं लांब जाऊन उभी राहते, आमची ओळख नसल्यासारखी. औषधाच्या गोळ्या घेतल्या की पाकिटावरची तारीख मी दोनदा वाचतो, एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून. कुणी फार गोड बोलायला लागलं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो.

यात माझा दोष निम्माच म्हणायचा. मी सांगलीच्या हळदीच्या पेठेत वाढलो. वडिलांच्या तरुणपणी सौद्याचा भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून तो ठरायचा आणि खेटून उभ्या असलेल्या माणसालाही कळायचा नाही. अशा पेठेत भोळं राहून कसं चालेल? पोतं ओतलं की वडील एक हळकुंड उचलत, कानाजवळ नेत आणि मोडत. नीट वाळलेलं असेल तर कट्कन आवाज येतो. दमट असेल तर ओल्या काडीसारखं नुसतंच तुटतं. "रंगाचं काय, कुणीबी वरनं लावल. आवाज ऐक," म्हणायचे. ही कानाची परीक्षा त्यांनी दोघांनाच शिकवली, मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला. खरं सांगायचं तर तिचा कान माझ्यापेक्षा चांगला होता. वडील हे गिऱ्हाइकांसमोर बोलून दाखवायचे, आणि मला ते आवडायचं नाही.

दुकानाची वेबसाइट तिनंच केली. संगणकाचा कोर्स करून ती घरी बसली होती, लग्न ठरायचं होतं, हाताला काम नव्हतं. पेठेत तोवर कुणाचीच साइट नव्हती. वर वडिलांचा फोटो, खाली हळदीच्या राशी, त्याखाली ऑर्डरचा फॉर्म. मी हसलो होतो. पण दोन महिन्यांत पुण्याची ऑर्डर आली, मग नागपूरची, मग दुबईतल्या एका बाईंची. मी हसायचा थांबलो. पुढं ती लग्न होऊन कराडला गेली, वडील गेले, तरी साइटचं काम तिच्याकडेच राहिलं. मी रोज सकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळायचो, साइट उघडून बघायचो, आणि आलेल्या ऑर्डरी कागदावर छापून गड्यांच्या हातात द्यायचो. चांगली वर्षं होती ती.

मग फोनवरचं इंटरनेट स्वस्त झालं. ज्या घरात वर्तमानपत्र येत नव्हतं तिथं माणशी एक फोन आला. पेठेतले हमाल पोत्यांवर बसून व्हिडिओ बघायला लागले. अशात एक दिवस बहिणीचा फोन आला.

"दादा, आपली साइट फोनवर नीट दिसत न्हाई. लोकं आता सगळं फोनवरच बघत्यात. नव्यानं करायला पायजे."

"फोनवर कोण हळद घेतंय? फोनवर लोकं विनोद बघत्यात."

"तू तुझ्या फोनवर एकदा उघडून तर बघ. आन् फॉर्म कोण भरतंय आता? व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घ्यायची. माझ्या नंबरवर येऊ देत, मी लगेच तुला पाठवत जाईन."

माझ्या नंबरवर. इथं माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणजे आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन, कुणाला किती लागते, हे सारं आधी कराडला जाणार आणि मग माझ्याकडे येणार. तिच्या नवऱ्याची साखर कारखान्यातली नोकरी तेव्हा डळमळीत होती, हे मला माहीत होतं. ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला मात्र त्यात कारण सापडलं. त्याच दिवशी मी साइटचा पासवर्ड बदलला. तिला कळवलं नाही.

तिला ते कळलंच असणार, पण ती पंधरा दिवस काही बोलली नाही. मग एकदा सहज विचारल्यासारखं म्हणाली, "दादा, मग मी माझं काय तरी सुरू करू का? घरातनंच."

"कर की," मी म्हणालो. समोर काट्यावर पोतं होतं, लक्ष तिकडं होतं. लोणची-पापड असेल काहीतरी, असं मी धरून चाललो. हे संभाषण मी नंतर सोयीस्करपणे विसरलो, आणि फार उशिरा आठवलं.

वर्षभरात ऑर्डरी निम्म्यावर आल्या, मग त्याच्याही निम्म्यावर. मी रोज सकाळी कॉम्प्युटरवर साइट बघायचो. साइट जागच्या जागी होती. वडिलांचा फोटो, राशी, फॉर्म, सगळं व्यवस्थित. मग माल जायचा कुठं थांबला? आधी मी कुरिअरवाल्यावर डोळा ठेवला. मग साइटला जागा देणाऱ्या कंपनीला फोन करून भांडलो. मग समोरच्या दुकानदारावर आळ घेतला, मनातल्या मनात, पण त्याच्याशी चहा पिणं बंद केलं. त्यात कुणीतरी सांगितलं की फोन आपलं बोलणं ऐकतो. मी परीक्षा घ्यायची म्हणून फोनजवळ तोंड नेऊन दिवसभर "हळद, हळद" म्हणत राहिलो. संध्याकाळी फोनवर हळदीच्या जाहिराती सुरू झाल्या, सगळ्या दुसऱ्यांच्या. बायको म्हणाली, "आता डोक्याला लावायला आणा थोडी."

तिनंच एक दिवस जेवताना फोन माझ्यापुढं धरला. "हे बघा, किती छान करत्यात."

छोटासा व्हिडिओ होता. चेहरा नाही, नुसते हात. हिरव्या बांगड्या. एका हातानं हळकुंड उचललं, कानाजवळ नेलं, मोडलं. कट्कन आवाज. खाली अक्षरं आली: पेठेतली परीक्षा, तुमच्या घरात. पान कराडचं होतं. खाली शेकडो लोकांनी पत्ते विचारले होते, त्यात नागपूरचे आमचे जुने गिऱ्हाईक होते, आणि दुबईच्या बाईही.

तळपायाची आग मस्तकात गेली. हात मी ओळखले होते. वडिलांनी दोघांनाच दिलेली गोष्ट तिनं बाजारात मांडली होती, तीही माझ्या गिऱ्हाइकांसमोर. बायकोला मी काही बोललो नाही. बहिणीलाही विचारलं नाही. सरळ विचारणं हे आमच्या पेठेत कुणाला सुचतच नाही. आम्ही आधी नमुना मागवतो.

साताऱ्याजवळ माझा एक मित्र राहतो, लष्करातून सुभेदार होऊन परतलेला. आमची ओळख एका लग्नाच्या पंगतीतली, बहिणीनं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. त्याच्या नावानं, त्याच्या पत्त्यावर मी हळकुंडांचं पाकीट मागवलं आणि ते आल्याचं कळताच एसटीनं सातारा गाठलं.

"एवढ्यासाठी आलायसा? मी सांगितलं असतं की फोनवर," मित्र म्हणाला.

"तुमाला कळायचं न्हाई."

मी पाकीट फोडलं. एक हळकुंड कानाजवळ नेऊन मोडलं. असा खणखणीत आवाज झाला की पेपर वाचणाऱ्या मित्रानं मान वर केली. आत रंग एकसारखा, वास भरपूर. माझ्या दुकानात त्या हंगामात इतका चांगला माल नव्हता. तो निवडायला कान लागतो. तिथंच मला थांबता आलं असतं. पण माल चांगला निघाल्यामुळं माझा राग कमी होण्याऐवजी वाढला.

मी मित्राचा फोन मागून घेतला आणि तिच्या पानावर त्याच्या नावानं रिव्ह्यू लिहिला. पाचपैकी एक तारा. खाली लिहिलं: हळकुंड कानाजवळ मोडलं तर आवाज मऊ येतो, माल दमट आहे, पुरता वाळवलेला नाही, घेणाऱ्यांनी सावध राहावं. लिहिताना मला फार हुशार वाटत होतं. पेठेतला माणूस कसा नेमका दोष काढतो, ते दिसलं पाहिजे, असंच मी मांडलं होतं. साध्या गिऱ्हाइकानं भाजीला रंग येत नाही म्हटलं असतं. व्हिडिओत नुसता कट्कन आवाज होता. दमट हळकुंड कसं वाजतं ते वडिलांनी शिकवलेल्या दोघांनाच माहीत, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

"काय लिवलासा?" मित्रानं विचारलं.

"काय न्हाई, चांगलं हाय म्हणून लिवलं." मी त्याच्याशीही खोटं बोललो.

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. "भावजी, तुमची बी साइट हाय म्हणं? दावा की. आमाला तुमच्याकडनंच घ्यायला बरं." तिनं स्वतःचा फोन पुढं केला. मी नाव सांगितलं, तिनं उघडलं. कितीतरी वेळ नुसता पांढरा पडदा. मग मुंगीएवढी अक्षरं आली. तिनं दोन बोटांनी ती मोठी केली, तर वडिलांचा अर्धा चेहरा पडद्याबाहेर गेला. फॉर्मचं बटण दिसेना. ते उजवीकडं कुठंतरी लांब होतं. तिथवर सरकवत नेलं की पान पुन्हा उडी मारून मूळ जागी यायचं. बिचारीनं चार-पाच वेळा खटपट केली.

"ह्यातनं घ्यायचं कसं, भावजी?"

चहा माझ्या हातात तसाच राहिला. इतकी वर्षं रोज सकाळी मी माझं दुकान कॉम्प्युटरवर उघडं असलेलं बघत होतो. बाकी सगळ्या जगाच्या हातात ते बंद होतं. गिऱ्हाईक कुणी पळवलंच नव्हतं. येऊन, बटण शोधून, कंटाळून ते निघून गेलं होतं. आणि बहिणीनं सांगितलेलं "एकदा उघडून तर बघ" हे एवढंच काम मी केलं नव्हतं.

परतीची एसटी कराडला दहा मिनिटं थांबली. स्टँडपासून तिचं घर चालत जाण्यासारखं. उतरावं, जाऊन तिच्यासमोर बसावं, सगळं सांगावं, असं पोटातून वाटलं. मी पिशवीही उचलली. पण संशयाची सवय फार वाईट. ती मला म्हणाली, साइट मूळ बहिणीनंच केलेली, कशावरून तिनं मुद्दाम अशी ठेवली नसेल? हे किती मूर्खपणाचं आहे ते मला त्या क्षणीही कळत होतं. तरी मी पिशवी परत मांडीवर घेतली आणि गाडी सुटली. आजवर मला स्वतःची सगळ्यात जास्त लाज कसली वाटत असेल तर त्या दहा मिनिटांची.

रिव्ह्यू उद्या काढायला सांगू म्हणता म्हणता तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पुण्यातल्या कुणा बाईनं, जिचे व्हिडिओ हजारो लोक बघतात, त्या रिव्ह्यूचा फोटो दाखवून व्हिडिओ केला. ऑनलाइन हळद घेताय? सावधान! तिनं ना पाकीट पाहिलं होतं ना हळकुंड. पण माझे शब्द तिला पटले. जाणकारानं लिहिलंय म्हणाली. बहिणीच्या पानावर लोकांनी भेसळखोर, लुटारू असं वाटेल ते लिहिलं. ऑर्डरी रद्द झाल्याचं बायकोच्या कानावर आलं. नणंदेचं पान आहे हे तिला तेव्हा कळलं. "बिचारीचं घर त्याच्यावर चाललंय हो आता. कुणाच्या पोटात दुखलं असंल?" ती म्हणाली. मी ताटातून मान वर केली नाही.

मित्राला फोन केला, तो रिव्ह्यू काढा म्हणालो. "मला न्हाई येत काढाया. तुमीच या गड्या, तुमीच लिवलंय," तो म्हणाला. तोवर रिव्ह्यूखाली बहिणीचं उत्तर आलं होतं. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहोत, दुसरं पाकीट विनामूल्य पाठवत आहोत. कुठं राग नाही, वाद नाही, भांडण नाही.

पाकीट मित्राकडं गेलंच नाही. दोन दिवसांनी कुरिअरवाल्यानं ते माझ्या दुकानात, माझ्या हातात ठेवलं. वर माझं पूर्ण नाव, पेठेचा पत्ता, सगळं बिनचूक. आत हळकुंडं आणि गिऱ्हाइकांना जाते तशी छापील चिठ्ठी: आपला विश्वास हाच आमचा आधार. हातानं लिहिलेला एक शब्द नव्हता. मी चिठ्ठी उलटून बघितली, पाकीट झटकून बघितलं. शिवी असती तरी चाललं असतं.

गड्यांना बाहेर पाठवून मी फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"नमस्कार. बोला, आपल्याला काय मदत करू?"

"अगं, मी बोलतोय."

"हो, नाव दिसतंय फोनवर. पाकीट मिळालं का आपल्याला?"

"मिळालं. जरा ऐक की. त्या दिवशी मी साताऱ्यात..."

"माल ठीक आहे ना?"

"ठीक हाय. लय चांगला हाय. पैल्यांदा आलेला बी चांगलाच हुता. मी खोटं..."

"मग आपण रिव्ह्यू बदलू शकता. तारे नंतरही बदलता येतात."

लहानपणापासून भांडणात तिनं मला काय काय म्हटलं होतं, पण 'आपण' कधी म्हटलं नव्हतं. एवढ्यात तिकडून तिच्या मुलीचा आवाज आला, "आई, मामाचा फोन हाय?"

बहिणीनं फोनवर हात ठेवला नाही.

"न्हाई गं," ती म्हणाली. "गिऱ्हाईक हाय."